तुम्ही विचारलंत म्हणून: 'सगळंच कसं आवडतं तुम्हाला?'

ख्याल, जॅझ, रेगे, मेटल. 'सगळंच कसं आवडतं हो तुम्हाला? खरंच आवडतं, की आवडतं असं सांगता?' प्रश्नाचा दुसरा भाग बोचतो, म्हणून उत्तर देतो.

सगळं आवडत नाही. बरंचसं पहिल्यांदा अजिबात आवडत नाही. फरक एवढाच, की 'नाही आवडलं' म्हणण्याआधी मी दोन गोष्टी तपासतो: कान कुठल्या संगीताच्या सवयीनं ऐकतो आहे, आणि हातात अल्बमची कुठली प्रत आहे. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या एकतालाचं एक आवर्तन, बारा मात्रांचा एक फेरा, मिनिटभर चालू शकतं. जो श्रोता नव्या गाण्याला तीस सेकंद देतो, त्याच्यापर्यंत दुसरी समही, म्हणजे पुढच्या फेऱ्याची पहिली मात्राही, पोचलेली नसते. त्यानं 'ख्याल संथ असतो' म्हटलं, तर ते त्याच्या तीस सेकंदांबद्दलचं मत झालं.

माझंही असं झालेलं आहे, आणि तेही ज्या अल्बमबद्दल सगळे आदरानं बोलतात त्याच्याच बाबतीत. जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', 1959. पहिली रचना 'सो व्हॉट'. बेसवर पॉल चेंबर्स धून वाजवतो आणि बाकीचे दोन कॉर्डांनी (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांनी) उत्तर देतात. स्वर पाहिले तर कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध, म्हणजे आपला काफी थाट, ती ठरलेली सात स्वरांची मांडणी. पांढरी दोनचा सा, म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला इथवर घरच्यासारखं वाटतं. रचना 32 बारांची आहे, एक बार म्हणजे चार मात्रा. पहिले सोळा बार याच सा वर जातात, आणि मग अख्खा काफी उचलून अर्ध्या सुरानं वर, काळी दोनवर ठेवला जातो. आठ बारांनी परत खाली. ज्याचा सा कधीच हलत नाही, त्याला हे सुरुवातीला चुकल्यासारखं ऐकू येतं. माझं तेव्हाचं मत होतं: 'मांडणी सुंदर, पण बैठक नाही.' ते चुकीचं होतं. इथे बैठकच हलते, आणि ती हलणं हाच रचनेचा आकार आहे. 32 बार बोटांवर मोजत चार-पाच वेळा ऐकलं, की सतराव्या बारची वाट पाहायला लागतो, जशी समेची पाहतो.

पण तरीही काहीतरी खुपत होतं, आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण माझं सगळं म्हणणं या एका बाबीवर उभं आहे.

हा अल्बम दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला: 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959. पहिल्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर मुद्रण केलं आणि ती टेप बरोबर वेगानं वाजवली, की संगीत जलद होतं आणि सूर चढतो. हिशेब सोपा आहे: वेग 1 टक्का वाढला तर सूर सुमारे 17 सेंट चढतो, आणि अर्धा सूर म्हणजे 100 सेंट. पहिल्या दिवशीच्या तीन रचना, म्हणजे तबकडीची पूर्ण पहिली बाजू, अशी चढी निघाली. दुसऱ्या दिवशीच्या दोन ठीक होत्या. पहिल्या दिवशीच्या सत्रात शेजारी दुसरं यंत्रही चालू होतं आणि त्याचा वेग बरोबर होता. त्या जादा टेपवरून 1992 मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. तोवर तेहतीस वर्षं ऐकणाऱ्यांनी चढीच बाजू ऐकली.

जुन्या प्रतीबरोबर पेटी धरून पाहा. पांढरी दोन थोडी खाली राहते, काळी दोन वर जाते. सूर दोन पट्ट्यांच्या मधे अडकलेला. तंबोऱ्याच्या ॲपमध्ये सेंटची बारीक फिरकी असते, ती वर सरकवत नेली की कुठेतरी जुळतं. दुरुस्त प्रतीला फिरकीची गरज पडत नाही. म्हणजे मला जे 'जॅझचं चमकदार, किंचित अस्वस्थ वळण' वाटत होतं, त्यातला काही भाग यंत्राचा होता. वाद्यांचा पोतसुद्धा त्यानं बदलतो: सूर चढला की सॅक्सोफोन किंचित पातळ ऐकू येतो, झांजेची घसट आखूड होते. मी त्यावर चार ठिकाणी ठामपणे बोललो होतो. ते शब्द मागे घ्यावेत असं वाटतं, आणि घ्यावेत का हेही कळत नाही, कारण कानावर जे पडलं त्याचंच वर्णन मी केलं होतं.

रेगेबाबत कमी गुंतागुंत आहे. चार मात्रा मोजा. 'वन ड्रॉप' ठेक्यात पहिल्या मात्रेवर बेस ड्रम नसतो, घाव तिसरीवर येतो. ज्यांना हे 'सैल' वाटतं त्यांनी सात मात्रांचा रूपक ताल आठवावा, तिथेही समेवर खालीच, म्हणजे टाळी न पडणारी मात्रा, असते. बॉब मार्ली आणि वेलर्सच्या 'कॅच अ फायर'मध्ये (1973) जमैकात झालेल्या मुद्रणावर लंडनमध्ये रॉकची गिटार आणि कळफलक चढवले गेले. त्याआधीचं मूळ जमैकन मिश्रण (वेगवेगळ्या वाद्यांची मुद्रणं एकत्र करून केलेली प्रत) 2001 मध्ये बाहेर आलं. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यात गिटार कान धरते, दुसऱ्यात रिकामी मात्रा.

मेटलवरून मात्र मला सर्वात जास्त ऐकावं लागतं: 'तो गोंगाट कसा सहन होतो?' मेटॅलिका या मेटल बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' (2008) ऐकून मीही म्हणालो होतो की हा बँड आता थकवतो. त्याच गाण्यांची एक आवृत्ती गिटारच्या व्हिडिओ गेममध्ये आली आणि तिच्यात ड्रमचा घाव मोकळा ऐकू आला. सीडीवर आवाजाची सरासरी इतकी वर रेटली होती की ध्वनिलहरींची टोकं छाटली गेली. टोक म्हणजेच घाव. ते सपाट झालं की मोठं आणि लहान यांतला फरक जातो, आणि चाळीस मिनिटांत कान शिणतात. थकवा होता, पण तो रचनेचा नव्हता. आवाजपातळी सारखी करणारी सोय चालू केली तर अल्बम कमी आवाजात वाजतो, कापलेली टोकं मात्र परत येत नाहीत.

आता कुणी विचारेल, मग रॉक गायक इगी पॉपनं स्वतः 1997 मध्ये नव्यानं मिश्रण केलेला 'रॉ पॉवर' तुम्हाला का आवडतो? तोही छाटलेला, फाटलेला, त्याहूनही कर्कश. आवडतो. 1973 च्या, डेव्हिड बोवीनं केलेल्या मिश्रणाहून जास्त. तिथे फाटणं गाण्याच्या स्वभावाला धरून आहे, असं मी म्हणतो. हे कारण मला पुरेसं वाटतं, पण 'डेथ मॅग्नेटिक'चा चाहताही नेमकं हेच म्हणू शकतो, आणि त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून कुणी माझं मत मागितलं तर मी ते अटींसह देतो. दोन प्रती ताडून पाहताना आवाज सारखा करून घेतो, कारण एका डेसिबलनं मोठी प्रतही कानाला 'चांगली' वाटते. पातळी अल्बमनिहाय ठेवतो, गाण्यानुसार नाही, नाहीतर कमी आवाजाचं गाणं उगाच वर येतं आणि अल्बमची चढउतार मोडते. क्रम बदलत नाही, दोन गाण्यांमधली शांतता कापणारी सोय बंद. आणि लांबीवर विश्वास ठेवत नाही. पियानोवादक ग्लेन गूल्डनं बाखचं 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' 1955 मध्ये साधारण 38 मिनिटांत वाजवलं, 1981 मध्ये 51. हा सगळा फरक संथपणाचा नाही, नंतरच्या वादनात काही पुनरावृत्त्याही घेतल्या आहेत. 'म्हातारपणी संथ झाला' असं म्हणणाऱ्यांत मीही होतो.

एवढं सगळं तपासूनही 'काइंड ऑफ ब्लू'ची गाठ सुटलेली नाही. दुरुस्त प्रत बरोबर आहे. माइल्सनं त्या खोलीत वाजवलेला सूर तोच. ती लावली की पहिले काही बार मला जड वाटतात, सोळाव्या बारपर्यंत कान रुळतो, सतराव्याला सा सरकतो आणि मी ऐकत राहतो. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा चढ्या प्रतीकडे जातो.