अंडरटेकरच्या भीतीचे अर्धे मानकरी

शनिवार, रात्री

अंडरटेकर म्हणजे अमेरिकेतल्या, निकाल आधीच ठरलेल्या व्यावसायिक कुस्तीतलं एक गाजलेलं पात्र. त्याच्या टीव्हीवरच्या अगदी सुरुवातीच्या मॅचेस पुन्हा पाहायला घेतल्यात. क्रमाने, आणि तो अंडरटेकर झालाच नव्हता तिथपासून. आज पाहिला तो मीन मार्क.

१९९०चं वर्ष, कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यू. सिड व्हिशस जायबंदी झाला म्हणून ‘स्कायस्क्रेपर्स’ या जोडीत डॅन स्पायव्हीच्या शेजारी एक नवा ताडमाड पोरगा आणून उभा केला. मार्क कॅलवे, ह्यूस्टनचा, कॉलेजात बास्केटबॉल खेळलेला. त्याआधी डॅलसमध्ये मुखवटा घालून टेक्सस रेड, मेम्फिसमध्ये मास्टर ऑफ पेन, अशी नावं बदलत फिरलेला. डब्ल्यूसीडब्ल्यूने त्याला मीन मार्क कॅलस केलं. काळे कपडे, लालसर केस. समालोचन करणारा जिम रॉस सांगायचा की याला साप पाळायचा शौक आहे आणि ओझी ऑस्बॉर्नची गाणी आवडतात. म्हणजे या माणसात काहीतरी अभद्र दडलंय याचा वास तेव्हाही कुणाला तरी लागला होता. पण ते तोंडाने सांगितलं जात होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं.

पाहताना वाईट वाटत राहिलं, कारण सगळा ऐवज आधीच हजर आहे. ते दोरावरून चालणंसुद्धा. समोरच्याचा हात पिरगाळून धरायचा, कोपऱ्यातून सगळ्यात वरच्या दोरावर चढायचं, त्याच हाताच्या आधाराने तोल सांभाळत दोन-चार पावलं चालायचं आणि वरून खांद्यावर फटका हाणायचा. ‘स्पॉयलर’ म्हणून गाजलेल्या डॉन जार्डिनची ही खासियत, कॅलवे त्याच्याच हाताखाली शिकला. एवढ्या उंच, एवढ्या वजनदार माणसाने हे करणं आजही थक्क करतं. मीन मार्क ते झकास करतो. प्रेक्षक क्षणभर ‘ओहो’ करतात आणि विसरून जातात.

७ जुलै १९९०ला बाल्टिमोरमध्ये लेक्स लुगरबरोबरची मॅच आहे, युनायटेड स्टेट्स अजिंक्यपदासाठी. मॅच वाईट नाही. लुगर चिडतो, मार खातो, उलटून मारतो, शेवटी जिंकतो. पण तो एकदाही घाबरत नाही. समोर एक दांडगा प्रतिस्पर्धी आहे, त्याला हरवायचंय, इतकंच त्याच्या चेहऱ्यावर असतं. मीन मार्कही मार बसला की झोकांड्या खातो, तोंड वेडंवाकडं करतो, पंचाशी हुज्जत घालतो. दोघं सारखेच. तुला पाहायला कुणी पैसे मोजणार नाही, असं तिथल्या एका वरिष्ठाने तोंडावर सांगितल्याचं कॅलवेने पुढे मुलाखतींत सांगितलंय. मला ते वाक्य चुकीचं वाटतं, पण ते कशामुळे सुचलं असेल हे या मॅचेस पाहिल्यावर कळतं.

रविवार

आज ती मॅच, ज्यात तो अंडरटेकर म्हणून पहिल्यांदा लोकांना दिसला. कंपनी आता डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे पुढची डब्ल्यूडब्ल्यूई. २२ नोव्हेंबर १९९०, हार्टफर्ड, सर्व्हायव्हर सिरीज. चार विरुद्ध चार. एका बाजूला डस्टी रोड्स, ब्रेट हार्ट, जिम नाइडहार्ट आणि कोको बी. वेअर. दुसऱ्या बाजूला टेड डिबियासी, हॉंकी टॉंक मॅन, ग्रेग व्हॅलेंटाइन आणि एक गुपित. डिबियासी माइक हातात घेऊन सांगतो की आमचा चौथा गडी डेथ व्हॅलीचा आहे, आणि त्याचा मॅनेजर ब्रदर लव्हच्या मागून तो येतो. काळी हॅट, लांब काळा कोट, राखाडी हातमोजे, पांढराफटक चेहरा. समालोचनाला गोरिला मॉन्सून आणि रॉडी पायपर. आकार पाहून दोघांचा आवाज बदलतो, तो बदल अजून खरा वाटतो.

आजवर मी या मॅचमध्ये फक्त त्याच्याकडे बघत आलो. आज ठरवून बाकीच्यांकडे बघितलं, आणि काय चाललंय ते नव्याने दिसलं. ब्रेट हार्टसारखा तोलामोलाचा गडी त्याला मारतो आणि लगेच एक पाऊल मागे सरतो. आपल्या फटक्याने काही झालं का हे पाहण्यासाठी. काहीच झालेलं नसतं. तेव्हा ब्रेटच्या नजरेत जे येतं त्यातून प्रेक्षकाला पहिल्यांदा समजतं की हे प्रकरण वेगळं आहे. अंडरटेकरने तोवर काय केलंय? जवळजवळ काहीही नाही. नुसता उभा आहे.

मग कोको बी. वेअर. हा माणूस म्हणजे रंगांची उधळण. खांद्यावर फ्रँकी नावाचा मकाव पोपट घेऊन यायचा, पंख हलवल्यासारखे हात हलवत नाचायचा. रिंगमधल्या सगळ्यात जिवंत माणसाला सगळ्यात आधी गप्प करायचं, हे ज्याने ठरवलं त्याला नाटक कळत होतं. कोको वेगात धावत येतो, अंगावर झेपावतो, समोरचा बाजूला होतो आणि कोको दोरावर आपटतो. मॅच सुरू होऊन दोन मिनिटंही झालेली नाहीत आणि कोको टूमस्टोनमध्ये उलटा टांगलेला आहे.

इथे जरा थांबतो, कारण या डावाबद्दल फार कमी बोललं जातं. टूमस्टोनमध्ये खालचा माणूस पूर्ण उलटा असतो. डोकं खाली, वरच्याच्या मांड्यांमध्ये, आणि त्याला जमीन दिसत नाही. वरचा गुडघ्यांवर कोसळतो. नीट केलं तर सगळा दणका गुडघे घेतात आणि डोकं मॅटच्या काही बोटं वरच राहतं. त्या काही बोटांवर एका माणसाची मान अवलंबून असते. म्हणजे उलटा झालेला गडी त्या दोन सेकंदांत आपली मान दुसऱ्याच्या हवाली करतो, वर अंगही सैल सोडतो, कारण अंग ताठ ठेवलं तर डाव खोटा दिसेल आणि इजा व्हायची शक्यताही वाढेल. कोकोने हे एका नवख्या माणसासाठी केलं. हजारो लोकांपुढे, दोन मिनिटांच्या आत बाद होऊन. आणि खाली पडल्यावर तो हललासुद्धा नाही. त्या निपचित पडण्यातून पुढची तीस वर्षं उभी राहिली असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

गंमत म्हणजे अंडरटेकर स्वतः या मॅचमध्ये अजून पूर्ण घडलेला नाही. डस्टी रोड्सला बाद करताना तो वरच्या दोरावरून उडी घेऊन दोन्ही हातांचा फटका मारतो. ही मीन मार्कची सवय. मग डस्टी ब्रदर लव्हच्या मागे लागतो, हा डस्टीच्या मागे जातो आणि रिंगबाहेर राहिल्यामुळे दहा मोजून बाद ठरतो. त्याचे खांदे कुणी टेकवले नाहीत. हे बरोबर केलं.

मंगळवार

सुपरस्टार्स कार्यक्रमातल्या मॅचेस. यांना कुणी मॅच म्हणावं का, असा प्रश्न पडतो, पण मला या फार आवडतात. तेव्हाची पद्धत अशी की एका संध्याकाळी एकाच ठिकाणी अनेक आठवड्यांचे कार्यक्रम चित्रित करून ठेवायचे. त्यात नावाजलेल्या रेसलरसमोर एखादा अनोळखी माणूस उभा करायचा, तो दोन-तीन मिनिटांत हरणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं. मोठी झुंज फुकट दाखवायची नाही, ती तिकीट काढून आलेल्यांसाठी राखून ठेवायची. टीव्हीवर फक्त ओळख करून द्यायची.

१९ नोव्हेंबर १९९०ला, म्हणजे हार्टफर्डच्या तीन दिवस आधी, रॉचेस्टरमध्ये अशीच एक मॅच चित्रित झाली. समोर मारिओ मॅन्सिनी. ती प्रत्यक्ष दाखवली गेली नंतर, त्यामुळे रिंगमधली पहिली मॅच पडद्यावर मागाहून आली. त्यात त्याचं नाव ‘केन द अंडरटेकर’ असं पुकारलंय. ‘केन’ लवकरच गळून पडलं आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये त्याच्या गोष्टीतल्या भावाच्या नावाने परत आलं. टाकून दिलेलं नाव सात वर्षांनी असं कामी यावं, हे मला या कंपनीच्या सगळ्या हुशारीपेक्षा जास्त भावतं.

मॅन्सिनीसारख्या गड्यांना चाहते सरळ ‘जॉबर’ म्हणतात. शब्दात थोडी तुच्छता आहे. ती मला पटत नाही. या मॅचेस एकामागून एक पाहिल्या की त्यांचं कसब डोळ्यांत भरतं. घंटा होण्याआधी कोपऱ्यात उभं राहून पंचाकडे पाहणं, याच्याशी खरंच लढायचंय का अशा नजरेने. पहिला ठोसा जरा घाईत मारणं. तो वाया गेला की दुसरा, तिसरा, आणि दर ठोशागणिक हातातला जोर ओसरत जाणं. अंडरटेकरचं संथ चालणं गाजलं, पण ते संथ दिसतं कशामुळे? समोरचा घाईत असतो म्हणून. तो चारही कोपरे धुंडाळतो, दोर धरतो, खाली उतरू पाहतो, आणि हा मात्र रिंगच्या मध्यातून एकेक पाऊल टाकत येतो. समोरचा माणूसही संथ असता तर तो संथपणा नुसता आळस वाटला असता.

महिन्यागणिक अंडरटेकर एकेक गोष्ट टाकत जातो, हेही सलग पाहिल्यावरच कळतं. वेदनेचे हावभाव गेले. पंचाशी वाद गेला. बोलणं तर जवळपास संपलंच. उरलं ते पाठीवर पडल्यावर सरळ उठून बसणं आणि मान वळवून बघणं. पंचविशीतल्या माणसाला, त्यातही ज्याला दोरावर चालता येतं आणि वरून उडी मारता येते त्याला, काही न करण्याचा मोह व्हावा ही साधी बाब नाही. सहसा उलटंच होतं, येतं ते सगळं दाखवून टाकायची घाई असते.

गुरुवार

नवा मॅनेजर पॉल बेअरर आला. फेब्रुवारी १९९१. ब्रदर लव्ह हे पात्र आपल्या जागी चांगलं, पण लालबुंद तोंड आणि पांढराशुभ्र सूट घेऊन आरडाओरडा करणारा तो माणूस या काळ्या सावलीपुढे विसंगत वाटायचा. लक्ष दोन ठिकाणी जायचं. बेअरर आला आणि ती अडचण गेली. खऱ्या आयुष्यातला विल्यम मूडी, टेक्ससमध्ये पर्सी प्रिंगल नावाने मॅनेजरी केलेला, आणि अंत्यसंस्काराच्या व्यवसायाचं रीतसर शिक्षण घेतलेला. तो हातातला कलश ज्या सहजतेने धरतो ती पोशाखखात्याने दिलेली नाही. आणि त्याचा आवाज! तो चिरका, कण्हल्यासारखा आवाज बोलण्याचं सगळं ओझं उचलतो, त्यामुळे अंडरटेकरला गप्प राहण्याची मोकळीक मिळते.

याच सुमाराला हरलेल्या माणसाला काळ्या पिशवीत घालून न्यायचा प्रकार सुरू झाला. आज पाहताना माझं लक्ष फक्त पिशवीतल्या माणसाकडे होतं. मार खाऊन झालाय, काम संपलंय, पण त्याला अजून काही मिनिटं मृत राहायचंय. चेन ओढली जाते, खांद्यावर टाकलं जातं, आत अंधार असणार. एकाने जरी पाय झाडला असता तरी अख्खं सभागृह हसलं असतं. मी पाहिलेल्यांपैकी कुणी झाडला नाही.

एप्रिलमध्ये अल्टिमेट वॉरियरला शवपेटीत कोंडल्याचा प्रसंग. वॉरियर म्हणजे धावतच रिंगमध्ये येणारा, दोर गदागदा हलवणारा माणूस. त्याला बंद पेटीत घातलं आणि बाहेरची माणसं अवजारं घेऊन झाकण उघडायला झटत राहिली. उघडल्यावर दिसतं की आतलं अस्तर ओरबाडून फाटलंय. कॅमेरा त्या फाटक्या अस्तरावर जातो. त्या एका दृश्याने जे साधलं ते डझनभर मॅचेसना साधलं नसतं. वॉरियर अफाट लोकप्रिय होता, त्याने मनात आणलं असतं तर पेटीतून तावातावाने बाहेर पडून तो क्षण स्वतःकडे घेतला असता. तो निपचित बाहेर येतो.

त्याआधी २४ मार्च १९९१ची जिमी स्नूकाबरोबरची मॅच, लॉस एंजेलिसची रेसलमेनिया, कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. त्या दिवशी कॅलवेला सव्वीस वर्षं पूर्ण झाली होती. मॅच पाच मिनिटांचीही नाही. पुढे याच मॅचपासून रेसलमेनियातल्या एकवीस सलग विजयांची मोजणी सुरू झाली, जी २०१४ मध्ये ब्रॉक लेसनरने थांबवली. पण त्या दिवशी हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. स्नूका सत्तेचाळीस वर्षांचा. पिंजऱ्याच्या टोकावरून झेप घेणारा म्हणून ज्याचं नाव झालं तो माणूस, आणि इथे त्याची झेप अर्ध्यातच पकडली जाते. झेलल्यावर स्नूकाचं अंग अंडरटेकरच्या हातांत ज्या तऱ्हेने सैल पडतं ते मी आज मागे नेऊन पुन्हा पाहिलं. ज्या झेपेवर त्याची सगळी कीर्ती उभी होती, तीच त्याने या पोराच्या स्वाधीन केली.

शुक्रवार

अंडरटेकरची भीती समोरच्याच्या घाबरण्यातून उभी राहते, याचा उलटा पडताळा घ्यावा म्हणून आज थेट ४ एप्रिल १९९३ची मॅच लावली, लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमधली, जायंट गोन्झालेझबरोबरची. आठ फूट उंचीचा म्हणून जाहिरात केलेला राक्षस, अंगावर स्नायू रंगवलेला आणि केस चिकटवलेला पोशाख. एव्हाना अंडरटेकर लोकांचा लाडका झालेला, सगळं सभागृह त्याच्या बाजूने. आणि मॅच सरता सरत नाही. गोन्झालेझ घाबरत नाही, कारण त्याच्या पात्राला भीती ठाऊकच नाही. तो धावत नाही, कारण त्याला धावता येत नाही. दोन संथ माणसं समोरासमोर. अंडरटेकरने तेच केलं जे १९९१ मध्ये करत होता, तीच पावलं, तीच नजर, तेच उठून बसणं, आणि त्यातलं काही म्हणता काही अंगावर येत नाही. शेवटी क्लोरोफॉर्मचा बोळा नाकाला लावल्याबद्दल गोन्झालेझ अपात्र ठरतो आणि निकाल लागतो.

उद्या पुन्हा १९९१. त्या सुपरस्टार्सच्या छोट्या मॅचेसपैकी बऱ्याच उरल्यात. त्यातल्या हरणाऱ्यांची नावं निवेदक घाईघाईत उच्चारून मोकळा होतो. ती नीट ऐकून वहीत लिहून ठेवणार आहे.