ऐरोलीच्या खाडीत रोहित (फ्लेमिंगो) पाहायचे तर आधी तिथी बघा

जंगल सफारीत जीप असते, इथे बोट. बाकी नियम तेच: गाडीतून उतरायचं नाही, आवाज करायचा नाही, आणि प्राणी कधी दिसणार हे आपण ठरवायचं नाही. फरक इतकाच की इथली वेळ निदान आदल्या रात्री काढता येते.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या मधली ही खाडी, साधारण १,६९० हेक्टर. सफारी सुटते ऐरोलीच्या सेक्टर १० मधल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची वाशी किंवा पनवेल लोकल धरायची, ऐरोलीला उतरायचं आणि रिक्षावाल्याला ‘दिवा गाव, फ्लेमिंगो सेंटर’ सांगायचं. नुसतं ‘दिवा’ म्हणू नका, ते स्टेशन भलत्याच लाइनवर आहे.

आता तिथीचं. कोळीवाड्यातला जुना हिशेब असा: पक्षातली तिथी घ्या, पाऊणने गुणा, येईल तो पूर्ण भरतीचा तास. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं आणि खाडीच्या आतल्या टोकाला ऐरोलीत पाणी बंदरापेक्षा थोडं उशिरा चढतं, पण बेत आखायला हा हिशेब पुरतो. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी.

हे कशासाठी, तर रोहित खातात चिखलातलं आणि उथळ पाण्यातलं. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि थवे उडून दुसरीकडे विश्रांतीला जातात. पूर्ण ओहोटीला चिखल मैलभर उघडा, पण बोट निघत नाही, निघालीच तर रुतते. म्हणून मधली वेळ पकडायची, पाणी चढताना किंवा उतरताना. केंद्राच्या फेऱ्या भरतीनुसारच लावलेल्या असतात आणि ऑनलाइन बुक होतात. पण रविवार मोकळा आहे म्हणून आधी सुट्टी आणि मग फेरी पाहणाऱ्यांना बहुतेक वेळा भरल्या पाण्यातली फेरी मिळते. मग ‘काही दिसलंच नाही’ अशी तक्रार सुरू होते.

आम्ही निवडली एकादशी. अकरा पाऊणे सव्वाआठ. साडेनऊची बोट म्हणजे पाणी उतरायला लागलेलं. जानेवारीचा दुसरा पंधरवडा मुद्दाम घेतला. पहिले थवे नोव्हेंबरात येतात, पण पाऊस लांबला की तेही लांबतात, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला जाणारे हात हलवत परतलेले पाहिले आहेत. खरी गर्दी जानेवारी ते मार्च.

लाइफ जॅकेटचे पट्टे बसण्याआधीच आवळून घ्या, बोट हलायला लागली की ते जमत नाही. बोटीत शौचालय नसतं. वाऱ्याने टोपी उडते, म्हणून दोरीची टोपी किंवा मफलर. बसायची जागा उन्हावर ठरते: बोट दक्षिणेकडे जाते, सकाळचं ऊन डावीकडून येतं, म्हणजे उजवीकडचे, भांडुप-विक्रोळीच्या बाजूचे पक्षी उजळलेले दिसतात. डावीकडे बसाल तर काळ्या आकृत्या. दुपारच्या फेरीत उलटं.

पहिला पाऊण किलोमीटर तिवरांचा. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळं, त्यांच्यामधून टुणटुणणाऱ्या निवट्या (चिखलातले मासे), कडेला शेकाट्या आणि राखी बगळे. लोक इथे फोटो काढून दमतात. बॅटरी राखून ठेवा.

मग दक्षिणेकडून, वाशी पुलाच्या दिशेने, रोहितांच्या रांगा यायला लागल्या. चिखलाची पहिली पट्टी उघडी पडली होती, तिच्या कडेला त्या उतरल्या. नावाड्याने इंजिन बंद केलं आणि बोट तशीच वाहू दिली. चांगला नावाडी ओळखायची खूण हीच. थवा उडावा म्हणून बोट अंगावर घालणारेही भेटतात, आणि टाळ्या वाजवणारे प्रवासी त्यांना सामील असतात. दर उड्डाणाला पक्ष्याची खाण्याची वेळ वाया जाते, आणि ती भरतीने आधीच मोजून दिलेली असते.

दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, बरी. हलत्या बोटीत १०च्या दुर्बिणीतून पक्ष्यापेक्षा थरथरच जास्त दिसते. जवळून पाहिलं की चोच उलटी असल्याचं कळतं: मान पूर्ण खाली, चोचीची वरची बाजू चिखलाकडे. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढलं जातं आणि चोचीच्या कडेच्या झालरीतून बाहेर पडतं. लहान रोहिताची झालर फार बारीक, तिच्यात सूक्ष्म शेवाळ अडकतं. तो पाण्याच्या वरच्या थरातच चोच डावी-उजवी फिरवतो. मोठा रोहित डोकं पार बुडवतो, त्याला चिखलातले किडे आणि बारीक कोळंबीवर्गीय जीव हवे असतात. ओळख चोचीवरून करा: गडद, काळपट लाल म्हणजे लहान, गुलाबी आणि टोकाला काळी म्हणजे मोठा. नुसत्या रंगाच्या मागे गेलात तर फसाल. राखाडी-तपकिरी दिसतो तो आजारी नाही, पिल्लू आहे, गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षं लागतात.

कॅमेरा असेल तर किमान ३०० मिमी लेन्स आणि शटर १/१००० किंवा त्याहून जलद. अकरानंतर तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते, मग कितीही भारी लेन्स असो, चित्र विरघळतं. सकाळी आठच्या आधी धुरकट हवा असते. म्हणजे हातात खरे तीनच तास.

भरतीला थवे जातात कुठे, हे पाहायचं तर गाडी घेऊन नेरुळ-सीवूड्सचा डीपीएस तलाव. त्यालगत रस्ता आहे. गाडी कडेला लावून इंजिन बंद, काच अर्धी खाली, आणि आतच बसायचं. उभ्या माणसाला पक्षी बिचकतात, गाडीला तितके नाही. दार आपटलंत की मात्र दोन्ही सारखेच. भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग तुंबले की हा तलाव शेवाळाच्या गोधडीखाली जातो आणि पक्षी पाठ फिरवतात. २०२४ मध्ये तसंच झालं होतं, म्हणून निघण्याआधी ताजी खबर काढा.

एकादशीला हे दोन्ही एका दिवसात साधत नाही, कारण दुसरी भरती पार रात्री. पौर्णिमेच्या आगेमागे मात्र जमतं: ऐरोलीत चढत्या पाण्यातली सकाळची फेरी, उतरल्याबरोबर ठाणे-बेलापूर रस्ता आणि पाम बीचने सीवूड्स, आणि साडेअकराच्या सुमारास तलावाशी. आपण पोचेपर्यंत थवे तिथे हजर असतात, एका पायावर, मान पाठीत खुपसून.