एका फेरीत लपलेला दोष

आठ दिवसांपूर्वी मीच दुरुस्त करून दिलेली ती जुनी, इंजिन आणि विद्युत मोटर दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी पुन्हा माझ्या गॅरेजमधल्या लिफ्टसमोर येऊन उभी राहिली, तेव्हा गाडीमालक काका रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. चढावर थांबून पुन्हा निघताना डॅशबोर्डवरचा ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाकांची घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लुकलुकला, अॅक्सिलरेटर दाबलेला असूनही गाडीची ओढ अचानक गेली आणि मागे वाहनांची रांग असताना गाडी क्षणभर जागच्या जागी अडली, असे त्यांनी सांगितले. रस्ता कोरडा होता का, हा माझा पहिला प्रश्न होता. तो अगदी कोरडा होता.

पहिल्या वेळी गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरने उजव्या पुढच्या चाकाच्या वेगाचा संकेत अयोग्य असल्याचा कोड दाखवला होता. त्याच वेळी गाडीतली बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीत 12.1 व्होल्टवर उतरलेली आढळली. या हायब्रिड गाडीत इंजिन फिरवण्याचे काम ही बॅटरी करत नाही. ती फक्त संगणक जागे करते आणि मोटर चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडते. त्यामुळे साध्या गाडीत स्टार्टर मंद फिरू लागला की मालकाला जी पूर्वसूचना मिळते, ती येथे मिळत नाही, आणि व्होल्टेज खाली गेले की नसलेल्या दोषांचे दिवेही पेटतात. बॅटरी बदलणे योग्यच होते. पण त्यासोबत मी त्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सरही बदलला, तोही मल्टिमीटरवर जुन्या सेन्सरचा रोध डाव्या बाजूच्या सेन्सरइतकाच भरत असताना. कोडमध्ये त्या चाकाचे नाव आले म्हणून मी मोजमापापेक्षा कोडवर विश्वास ठेवला. ही चूक माझी होती आणि तिच्यामुळे एक माणूस चढावर अडकला होता, याची टोचणी मला त्या दिवशी दिवसभर होती.

या वेळी मी काकांना शेजारी बसवून आधी गाडी चालवली. दिवा लुकलुकणे आणि दिवा स्थिर पेटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक चालक त्या एकच समजतात. लुकलुकणे म्हणजे चाक घसरत असल्याचे संगणकाला वाटते आहे आणि तो त्यावर उपाय करतो आहे. स्थिर पेटणे म्हणजे यंत्रणेने दोष मान्य करून स्वतःला बाजूला ठेवले आहे. कोरड्या रस्त्यावर दिवा आधी लुकलुकत होता. म्हणजे यंत्रणा बिघडलेली नव्हती, तिला चुकीची बातमी मिळत होती. सावकाश थांबतानाही एक खूण सापडली. वेग थोडाच उरला असताना ब्रेक हलकेच सुटल्यासारखा वाटे आणि गाडी पुढे सरके. मोटर जनित्र म्हणून फिरून जी गती शोषून घेत असते, ते काम संगणकाने चाक घसरल्याच्या शंकेने मध्येच थांबवले आणि भार हायड्रॉलिक ब्रेकवर टाकला, की चालकाला नेमके असेच जाणवते.

हायब्रिडमध्ये या यंत्रणेचा हात इतका जड का असतो, हे येथे सांगितले पाहिजे. विद्युत मोटर शून्य वेगापासूनच भरपूर जोर देते, त्यामुळे निसरड्या जागी चाक पटकन सुटते. आणि सुटलेले चाक एकदम पकड घेते तेव्हा तो धक्का मोटर आणि गिअरसंचापर्यंत पोहोचतो. म्हणून साध्या गाडीत इंजिनाची ताकद कमी होण्यास जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी आधी येथे मोटरचा जोर तोडला जातो. संरक्षण म्हणून ते योग्यच आहे. पण चाक खरोखर घसरले नसताना हेच संरक्षण चढावरच्या माणसाचा आधार काढून घेते.

स्कॅनर लावून मी लाइव्ह डेटा पाहिला. ताशी 20 किलोमीटरवर चारही चाकांचे आकडे जुळत होते. टायर एकाच मापाचे होते, झीजही सारखी होती. सेन्सर नवा, कनेक्टर स्वच्छ, वायरिंग हलवून पाहिले तरी काही फरक नाही. इथवर आलेला मेकॅनिक पुष्कळदा ब्रेकच्या मुख्य युनिटवर बोट ठेवतो, आणि खरे सांगायचे तर माझ्याही ओठांवर ते वाक्य आले होते. ते युनिट या गाडीतल्या सर्वांत महागड्या भागांपैकी एक असते. मी थांबलो, कारण माझ्याकडे त्याविरुद्ध एकही पुरावा नव्हता.

मग मी हिशेब मांडला. या चाकाच्या एका फेरीत गाडी साधारण 1.9 मीटर पुढे जाते, म्हणजे ताशी 20 किलोमीटरला सेकंदात जवळपास तीन फेऱ्या होतात. सेन्सरसमोर फिरणाऱ्या दातेरी रिंगला 48 दात असल्याने सेकंदाला सुमारे 140 ठोके संगणकाकडे जातात. माझा स्कॅनर सेकंदातून काही मोजक्याच वेळा आकडा बदलतो आणि तोही सरासरी आकडा असतो. त्या 140 ठोक्यांतला एखादा ठोका उशिरा पडला तर ब्रेकच्या संगणकाला ते कळते, मला कळत नाही.

गाडी पूर्ण बंद करून पी (पार्किंग) स्थितीत लिफ्टवर चढवली आणि सेन्सरच्या तारांवर ऑसिलोस्कोप, म्हणजे विद्युत संकेत लाटेच्या रूपात पडद्यावर दाखवणारे यंत्र, लावला. उजवे चाक हाताने फिरवले की डावे उलटे फिरते, त्यामुळे मोटर जागची हलत नाही. तिच्यात कायमचे चुंबक असल्याने ती फिरताच वीज तयार होते, म्हणून ती उगाच फिरवू नये. या गाडीतला सेन्सर जुन्या पद्धतीचा, चुंबक आणि कॉइलचा आहे, म्हणून हाताच्या संथ गतीनेही पडद्यावर लहान लाटा उमटू लागल्या. दोनतीन फेऱ्यांतच दोन गोष्टी दिसल्या. लाटांची उंची प्रत्येक फेरीत एकदा फुगत होती आणि एकदा बसत होती, आणि फुगलेल्या भागाच्या मधोमध एका जागी दोन लाटांमधले अंतर इतरांच्या सव्वापट होते. दर फेरीला, न चुकता, त्याच जागी. तेवढ्या एका दातापुरता 20 चा वेग 16 झाल्याचा भास संगणकाला होत होता आणि पुढच्याच दाताला तो पूर्ववत होत होता. वेग वाढला की संगणक एका वेळी अनेक दातांचा हिशेब एकत्र करतो आणि हा खड्डा बुजून जातो. म्हणून तक्रार फक्त निघताना आणि थांबताना होती. मी तो पडदा गोठवून काकांना दाखवला, कारण गेल्या वेळी मी काय पाहिले नव्हते हे त्यांना कळणे मला आवश्यक वाटले.

ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाकाला फिरवणारा दांडा, काढल्यावर बाहेरच्या जॉइंटवर दाबून बसवलेली ती रिंग हातात आली. तिच्याखाली वर्षानुवर्षे साचलेल्या गंजाने फुगून तिला वर उचलले होते आणि दोन दातांच्या मधल्या खाचेत ती आरपार तडकली होती. तड्यावर चिखल आणि ग्रीस बसल्याने सेन्सरच्या छिद्रातून तो कधीच दिसला नसता. मूळची जागा तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासली, नवी रिंग थोडी तापवून सरळ बसवली आणि शाफ्ट चढवला.

त्यानंतर मी मुद्दाम नवा सेन्सर काढून काकांचा जुना सेन्सर परत बसवला. पडद्यावर 48 लाटा एकसारख्या उमटल्या. कोड पुसून, सपाट जागी स्टिअरिंग सेन्सरची आणि गाडी किती वळते ते मोजणाऱ्या याव सेन्सरची शून्यस्थिती पुन्हा नोंदवून आम्ही त्याच चढावर गेलो, पाच वेळा थांबलो आणि पाच वेळा निघालो. दिवा पेटला नाही, ओढ तुटली नाही, थांबताना ब्रेकही सुटला नाही. नव्या सेन्सरचे आणि तो बसवण्याच्या मजुरीचे पैसे मी काकांना परत केले.

डाव्या बाजूची रिंगही मी पाहिली. तिथे तडा नाही, पण गंजाने एक कड उचलायला सुरुवात केली आहे आणि लाटांची उंची किंचित कमीजास्त होते आहे. तिचा आलेख जपून ठेवला आहे. सहा महिन्यांनी काका येतील तेव्हा नव्या आलेखाशी तो ताडून पाहायचा आहे.