पेरूला जायचं होतं, पण खरी अडचण परतीची होती

‘पेरूचा व्हिसा किती दिवसांत मिळाला?’ हा प्रश्न परत आल्यापासून दहा जणांनी विचारला. आम्ही तो काढलाच नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन, यांपैकी एखादा व्हिसा पासपोर्टवर असेल आणि त्याची मुदत किमान 6 महिने उरली असेल, तर भारतीयांना पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. लेकीकडे जाण्यासाठी काढलेला अमेरिकेचा व्हिसा असा कामी आला. मात्र मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीला हा नियम ठाऊक नव्हता. तिने फोन केले, साहेबांना बोलावलं. वीस मिनिटं आम्ही बॅगांशेजारी उभे!

खरा व्याप निघाला तो यलो फीव्हरच्या लसीचा. आम्ही अ‍ॅमेझॉनच्या जंगलाकडे फिरकणारही नव्हतो, नुसतं लिमा आणि कुस्को. पण आपलं सरकार शहर नाही, देश बघतं. पेरू यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत आहे, म्हणून तिथून निघून 6 दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे पिवळं कार्ड, म्हणजे ही लस टोचल्याचा दाखला हवाच, नाहीतर विलगीकरण. घरच्या डॉक्टरांकडे टोचून चालत नाही, सरकारमान्य केंद्रच लागतं. एका कुपीत बरेच डोस असतात, त्यामुळे केंद्रात माणसं जमवून ठरावीक वारीच लस देतात. आमचे दोन आठवडे तारीख मिळण्यातच गेले. टोचल्यावर 10 दिवसांनी कार्ड लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. कार्डावरचा पासपोर्ट क्रमांक तिथल्या तिथे ताडून बघा. माझ्या कार्डावर एक आकडा चुकला होता.

माचू पिचूची, म्हणजे कुस्कोकडच्या डोंगरातल्या इंकांच्या जुन्या शहराची तिकिटं आधीच काढावी लागतात, वेळ आणि मार्ग ठरवून. फॉर्मवर आडनावाचा रकाना बघून हे अडले. तिकडे माणसाला दोन आडनावं, आधी वडिलांचं, मग आईचं. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ते कुठे घालायचं? पासपोर्टवर जे जिथे आहे ते तिथेच लिहिलं. दारात तिकिटाबरोबर मूळ पासपोर्ट बघतात, झेरॉक्सवर विसंबू नका.

उंचीवरच्या विरळ हवेची भीती माचू पिचूची घातली होती, पण ते 2,430 मीटरवर. कुस्को जवळपास 3,400 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच! म्हणून कुस्कोच्या विमानतळावरून थेट गाडीने खाली ओयांतायतांबो या गावी गेलो, दोन रात्री तिथेच काढल्या. माचू पिचूची रेल्वेही तिथून मिळते. कुस्को शेवटी ठेवलं, तरी ह्यांचं डोकं एक रात्र ठणकलंच. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा ठेवलेला असतो. तिथे तो कायदेशीर आहे, पण पानं बॅगेत घालून भारतात आणाल तर अमली पदार्थांच्या कायद्यात सापडाल.

जूनअखेर तिकडे हिवाळा. दिवसा ऊन लख्ख, रात्री मात्र दोन ब्लँकेटं कमी पडली. लिमात आठवडाभर सूर्य दिसला नाही, नुसतं मळभ. चलन सोल. डॉलरच्या नोटेला जरा कुठे चीर असली की ती परत हातात ठेवतात. आपली दोन पिनांची बारीक प्लग चालली. नळाचं पाणी पिऊ नये.

आम्ही शाकाहारी. स्पॅनिशमध्ये ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, एवढं घोकून गेले होते. पहिल्याच दिवशी सूपमध्ये कोंबडी! ‘कार्ने’ म्हटलं की तिकडे बरेचदा बीफच समजतात. मग ‘नि पोयो, नि पेस्कादो’ जोडायला शिकले: कोंबडी नको, मासाही नको. चिफा नावाच्या चिनी खाणावळींनी तारलं. आणि रस्त्यावर मिळणारं मोठ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस, सोबत चीजचा तुकडा. त्यावर मी घरून नेलेलं तिखट भुरभुरलं, तेव्हा विकणाऱ्या मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या.

पेरूत शिरताना पिवळं कार्ड कुणीही विचारलं नाही. हे म्हणाले, ‘उगाच धावाधाव केलीस.’ मुंबईत उतरलो, तर आरोग्य विभागाच्या टेबलावर पहिला प्रश्न: ‘कुठून आलात?’ कार्ड उलटून क्रमांक पासपोर्टशी ताडला आणि सोडलं. आमच्या मागचं तरुण जोडपं मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो शोधत होतं. त्यांना बाजूच्या खुर्च्यांवर बसायला सांगितलेलं मी वळून पाहिलं.