डबल मार्कर १:१८० आला, मग अ‍ॅम्निओ केली: माझा अनुभव

डबल मार्कर ही गरोदरपणातली रक्तचाचणी, बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता सांगणारी. तिच्या रिपोर्टवर १:१८० छापून आलं. लॅबची मर्यादा १:२५०, म्हणून ‘हाय रिस्क’. असा निकाल आलेल्या १८० जणींपैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असतो, एवढाच त्याचा अर्थ. टक्क्यांत ०.५६.

खात्रीसाठी अ‍ॅम्निओ, म्हणजे पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढायचं आणि त्यातल्या पेशींची गुणसूत्रं तपासायची. तिच्या संमतीपत्रावर मात्र ‘गर्भपाताचा धोका १ टक्का’. हा आकडा १९८६च्या डेन्मार्कमधल्या अभ्यासातला. त्यात सुई घातलेल्यांपैकी १.७ टक्के बायकांचा गर्भ गेला, न घातलेल्यांपैकी ०.७ टक्के, फरक १चा. म्हणजे सुईशिवायही काही गर्भ जातातच, हे कुणी सांगत नाही. आता सोनोग्राफीत बघत, सराईत हातानं केलं तर सुईमुळे वाढणारा धोका हजारात १ ते ३ धरतात. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘तुम्ही वर्षाला किती करता?’ मी विचारलं, त्यांना राग आला नाही.

एनआयपीटी ही दुसरी चाचणी आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएवर होते, तिनं गर्भाला धक्का लागत नाही. पण तीही चाळणीच. पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी सुई आहेच.

अ‍ॅम्निओ १५ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय करू नये. त्याआधी केली तर गर्भपात आणि बाळाचं पाऊल वाकडं होणं, दोन्ही वाढतं. वारही बघून ठरवा. सोलापुरातून नमुना पुण्याला जाणार असेल तर शनिवार नको. रविवारी लॅब बंद असली तर पाणी डब्यात पडून राहतं. एप्रिल-मेच्या उन्हात तर डबा गाडीत ठेवायचाच नाही, आणि बर्फाला थेट चिकटवून गोठवायचाही नाही. लॅबमध्ये पाण्यातल्या पेशी वाढवून तपासतात, जिवंत राहिल्या तरच त्या वाढतात.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर आधी आयसीटी (आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का ते बघणारी चाचणी), अ‍ॅम्निओनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी (ती प्रतिपिंडं तयार होऊ न देणारं इंजेक्शन). माझा बी निगेटिव्ह, मला ३०० मायक्रोग्रॅम दिलं. पीसीपीएनडीटीचा (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याचा) फॉर्म जी, म्हणजे संमतीचा फॉर्म, वाचून सही करा, एक प्रत मागून घ्या.

सुई २२ गेजची, लांब आणि बारीक. आधी बाळ आणि वार (प्लासेंटा) कुठे आहेत ते बघतात, शक्यतो वारेतून सुई नेत नाहीत. पहिलं १-२ मिली पाणी फेकतात, त्यात आईच्या पेशी असू शकतात. मग साधारण १५-२० मिली, फिकट पिवळं. दोनदा सुई घालूनही पाणी आलं नाही तर त्या दिवशी थांबलेलं बरं, तिसऱ्या टोचण्यानं धोका वाढतो.

घरी सासूबाईंनी आठ दिवस झोपून राहायला सांगितलं. त्याची गरज नसते. एक-दोन दिवस बादल्या, सिलिंडर उचलायचा नाही, आणि जुळे सोलापूरहून नवी पेठेपर्यंत खड्ड्यांतून स्कूटर नको, एवढं पुरे. पोटात थोडी कळ येते, तिला घाबरू नका. पण खालून पाणी झिरपलं, रक्त गेलं, ताप आला किंवा कळा थांबेनात, तर फोन करत बसू नका, थेट जा. झिरपणं बहुतेक वेळा आपोआप थांबतं, पण ते डॉक्टरांना बघू दे.

मुख्य गुणसूत्रांचा झटपट निकाल २-३ दिवसांत आला, पूर्ण कॅरिओटाइपला (सगळ्या गुणसूत्रांच्या तपासणीला) तीन आठवडे लागले. त्यात लिंगाची गुणसूत्रं लिहिलेली नव्हती. कायद्यानं लिहीत नाहीत, त्यासाठी लॅबला फोन करू नका.