लंडनमध्ये हातानं जेवताना

आईला काट्या-चमच्यानं खाता येतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही. धाकट्या भावाकडे लंडनच्या क्रॉयडन भागात आम्ही दोघी तीन आठवडे राहिलो, तेव्हा पहिल्या चार दिवसांतच हे माझ्या लक्षात आलं. एका चकचकीत हॉटेलात तिनं अर्धी प्लेट तशीच ठेवली. "पोट भरलं," म्हणाली आणि घरी येऊन वाटीभर दहीभात कालवला. त्यात ती पंढरपूरकडची माळकरी; मांस, मासळी, अंडं काहीच चालत नाही. भाऊ म्हणाला, "ताई, उद्या शुक्रवार ना? मग इथिओपियन जेवायला जाऊ."

शुक्रवारच का, ते तिथं गेल्यावर कळलं. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात. त्या दिवशी मांस, दूध, अंडी बंद. डाळी आणि भाज्या मात्र चालतात. या उपवासाच्या ताटाला 'ये-त्सोम बेयायनेतू' म्हणतात. लंडनमधल्या बहुतेक इथिओपियन आणि एरिट्रियन हॉटेलांत ते एरवीही रोज मिळतं. शाकाहारी माणसानं फार चौकशा न करता खुशाल मागवावं असं ताट मला लंडनमध्ये दुसरं दिसलं नाही.

दोन हातांत मावणार नाही एवढी मोठी परात आली. तिच्यावर इंजेरा पसरलेला. तेफ नावाचं खसखशीएवढं बारीक धान्य, त्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून एकाच बाजूनं भाजायचं. वरून आंबोळीसारखी जाळी, चवीला चांगलंच आंबट. त्यावर मसूरडाळीचं लालभडक मिसिर वोत, हळदीतला कोबी-बटाटा, हिरव्या पालेभाजीची गोमेन आणि मधोमध वाटीत रटरटणारं शिरो. आईनं इंजेऱ्याचा तुकडा मोडला, शिरोत बुडवला, तोंडात घातला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"अगं, हे पिठलंच आहे."

खरंच होतं. शिरो म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं किंवा इतर कडधान्यांचं पीठ, कांदा-लसणाच्या फोडणीत शिजवलेलं. फरक बर्बेरे मसाल्याचा. त्यात मिरचीबरोबर मेथी आणि वेलदोडाही असतो. त्या दिवशी आईनं कडेपर्यंत इंजेरा संपवला. तळाचा, सगळ्या भाज्यांचा रस प्यायलेला तुकडा सगळ्यांत चविष्ट लागतो, तो कुणी सोडू नये.

शेजारच्या टेबलावर एका आजींनी घास करून नातवाला भरवला. याला 'गुर्शा' म्हणतात आणि तो मोठ्या माणसांनाही मायेनं भरवतात. त्यांचं बघून आईनं माझ्या भावाला घास भरवला. तो अडतीस वर्षांचा आहे. त्यानं मुकाट्यानं खाल्ला आणि डोळे खाली घातले.

नंतर कॉफी. हिरवे दाणे समोर भाजतात, धुरासकट तवा प्रत्येकाच्या नाकापुढून फिरवतात, बाजूला धूप जळत असतो. जेबेना नावाच्या मातीच्या सुरईतून बिनकानाच्या कपांत कॉफी ओततात. तीच पूड तीनदा उकळायची: अबोल, तोना, बराका. तिसरी फेरी आशीर्वादाची, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. यात तासभर जातो, तेव्हा घाईच्या दिवशी जाऊ नका.

ब्रिक्स्टनला आम्ही दोनदा गेलो. भुयारी रेल्वेतून वर आलं की धुराचा वास येतो: उभं चिरलेलं पिंप, त्यात कोळसा आणि वर जर्क चिकन, म्हणजे मसाला लावून धुरावर भाजलेली कॅरिबियन पद्धतीची कोंबडी. इलेक्ट्रिक अव्हेन्यूच्या गाड्यांवर स्कॉच बॉनेट मिरच्यांचे ढीग, जणू बोटाच्या पेराएवढे पिवळे-लाल भोपळे. २२ जून १९४८ ला 'एम्पायर विंडरश' जहाजातून कॅरिबियन माणसं टिलबरी बंदरात उतरली. ज्यांची सोय नव्हती त्यांना क्लॅपम साउथच्या भुयारी निवाऱ्यात ठेवलं आणि जवळचं नोकरीचं सरकारी कार्यालय होतं ब्रिक्स्टनच्या कोल्डहार्बर लेनवर. कामाच्या शोधात तिथं खेटे घालता घालता त्यांतले कितीतरी जण याच भागात राहिले. आज चौकालाच विंडरश स्क्वेअर म्हणतात.

बाजारात आईला एका काचेच्या बरणीत गर्द लाल सरबत दिसलं. 'सॉरेल' म्हणाले, आलं आणि लवंग घालून नाताळात हमखास करतात. शेजारी वाळलेल्या लाल पाकळ्यांची पिशवी होती. आईनं एक पाकळी चावली. "अंबाडी!" लाल अंबाडीच्या बोंडाभोवतीची पाकळीच ती. आपण अंबाडीच्या पाल्याची भाजी करतो, नायजेरियन लोक या लाल पाकळ्यांचं 'झोबो' सरबत करून पितात.

जेवायला त्रिनिदादची रोटी. १८४५ च्या ३० मे रोजी 'फातेल रझाक' जहाज कलकत्त्याहून पोर्ट ऑफ स्पेनला पोचलं. तेव्हापासून १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून जास्त गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांत गेले, बरेचसे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. त्यांची दालपुरी आता लंडनमध्ये 'धालपुरी' म्हणून मिळते. आत वाटलेली डाळ आणि भाजलेलं जिरं, गुंडाळायला चणे-बटाट्याची भाजी. आई म्हणाली, "ही तर बिनगुळाची पुरणपोळी." दुकानातल्या काकू कृष्णवर्णीय होत्या, हिंदीचा गंध नव्हता, पण 'तवा', 'जिरा', 'चना', 'बैंगन' हे शब्द त्यांच्या तोंडात घरचेच होते. समुद्रापार गेलेल्या कुणा बाईनं हे शब्द चुलीपाशी जपले म्हणून ते इथवर आले, या विचारानं मला भरून आलं.

याच बाजारात २०२० मध्ये आदेजोके बाकारे यांनी 'चिशुरू' हे पश्चिम आफ्रिकी हॉटेल सुरू केलं. २०२४ मध्ये त्यांना हॉटेलांच्या जगातला मानाचा मिशेलिन तारा मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या ब्रिटनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. हॉटेल आता फिट्झरोव्हियात आहे. आमचं तिथं जाणं झालं नाही.

नॉटिंग हिलला मात्र मी मुद्दाम ऑल सेंट्स रोडवर गेले. फ्रँक क्रिचलो यांनी १९६८ मध्ये तिथं 'मॅन्ग्रोव्ह' काढलं. रात्री उशिरापर्यंत कॅरिबियन जेवण आणि आपल्या माणसांत बसायला जागा. पोलिसांनी दीड वर्षात १२ वेळा धाडी घातल्या. ९ ऑगस्ट १९७० ला लोक मोर्चा घेऊन निघाले, नऊ जणांवर खटला भरला, तो ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयात ५५ दिवस चालला आणि दंगलीच्या आरोपातून सगळे सुटले. दोन्ही बाजूंना वंशद्वेष दिसतो, असं न्यायाधीशांना म्हणावं लागलं. एका जेवणाच्या जागेसाठी माणसं एवढी लढली. आज ते हॉटेल नाही. मी रस्त्यावर जरा वेळ उभी राहिले.

शेवटच्या रविवारी पेकहॅम. राय लेनवर चर्चहून परतणाऱ्या बायकांचे भरजरी फेटे बघत आम्ही एका लहानशा नायजेरियन हॉटेलात शिरलो. सूपमध्ये सुक्या कोळंबीची पूड असतेच, हे भावानं आधी सांगून ठेवलं होतं. म्हणून आईसाठी प्लँटेन, म्हणजे पिकलेलं मोठं केळं तळून, आणि आकारा, म्हणजे वाटलेल्या चवळीची भजी. माझ्यासाठी एगुसी आणि पाउंडेड यॅम. एगुसी कलिंगडाच्या मगजासारख्या बियांचं दाट कालवण, आणि यॅम आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद, शिजवून कांडलेला. गोळी करायची, खळगा पाडून कालवण उचलायचं आणि न चावता गिळायचं.

जेवणाआधी मालकीणबाईंनी वाडग्यात कोमट पाणी आणून आईपुढे ठेवलं. आईला 'ममा' म्हणत होत्या. आईनं हात धुतले, आकारा मोडला, आतला जाळीदार भाग निरखला आणि भावाला म्हणाली, "विचार त्यांना, चवळी किती वेळ भिजवतात."

भावानं विचारायच्या आधीच त्या बाई समजल्या होत्या. दोन्ही तळवे एकमेकांवर घासून, सालं पाण्यावर तरंगवून काढायची खूण त्यांनी हवेत केली. आईनंही तळवे घासले, मग उजव्या हातानं पाटा-वरवंट्याची खूण केली. बाईंनी मान हलवली, बोट फिरवून मिक्सर दाखवला, आणि आत जाऊन आणखी दोन गरम आकारे आणून आईच्या ताटात वाढले.