आमची वाटचाल: कार्डाला स्वतःचं नाव मिळेपर्यंत

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात शिरलं की डाव्या हाताला एक पीसी दिसतो. त्याच्या बाजूचा पत्रा गेली कित्येक वर्षं काढलेलाच आहे. आम्ही त्याला कसोटीचं मशीन म्हणतो. इथून बाहेर पडलेलं प्रत्येक एफपीजीए कार्ड (हवं ते काम भरून घेता येणाऱ्या चिपचं, पीसीत बसणारं कार्ड) आधी त्या मशीनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये बसून गेलेलं आहे. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी सोल्डरिंग शिकवत नाही. त्या मशीनवर लिनक्स चालू करून एलएसपीसीआय (स्लॉटमधल्या कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा) मारायला सांगतो आणि विचारतो, कार्ड स्वतःचं नाव काय सांगतंय ते वाच. २०१७ पर्यंत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. त्याची किंमत काय पडली ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात २०११ ची, फोंड्यात आमच्या घराच्या पडवीत. मी आणि माझा मावसभाऊ. तो फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेला, मी हाताने शिकलेला. डिचोली आणि सांग्याच्या खाणींवरच्या वजनकाट्यांची इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती हे आमचं पोट. पावसात विजेने काटे जळायचे, आम्ही स्कूटरवर टूलबॉक्स बांधून निघायचो. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि ते काम एका महिन्यात संपलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, गोव्यात ते घरोघरचं आहे.

मावसभावाने त्याआधीच साठवलेल्या पैशांतून स्पार्टन-६ या एफपीजीए चिपचा एक बोर्ड घेतला होता. रात्री जेवण झाल्यावर तो त्या बोर्डापुढे बसायचा. मला तेव्हा ते खेळणं वाटायचं. पुढे त्याच बोर्डावरून आमचं पहिलं कार्ड निघालं, आणि ते विकत घेतलं बाबांनी.

बाब म्हणजे वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यातले देखभाल विभागाचे प्रमुख. आम्ही त्यांना पहिल्यापासून नुसतं 'बाब' म्हणत आलो, म्हणून इथेही तसंच लिहितो. त्यांच्या पॅकिंग लाइनवर गोळ्यांच्या स्ट्रिपा (ब्लिस्टर) तपासायला लाइन-स्कॅन म्हणजे एकेक ओळ टिपणारा कॅमेरा होता. कॅमेऱ्याचं परदेशी कार्ड बिघडलं की नवं यायला दोन-दोन महिने लागायचे. आम्ही २०१४ मध्ये आर्टिक्स-७ या एफपीजीए मालिकेतल्या ५०टी चिपवर चार लेनचं (पीसीशी बोलायच्या चार वाटांचं) कार्ड केलं. कॅमेरा वाचायचा, खळ्यात गोळी नसेल तर हवेचा व्हॉल्व उघडून ती स्ट्रिप बाजूला उडवायची. पीसीकडे फक्त चित्रं आणि मोजणी. कार्ड पास करण्याआधी बाबांनी स्वतः २०० स्ट्रिपांमधून एकेक गोळी काढली, त्या चांगल्या मालात मिसळल्या आणि लाइनशेजारी खुर्ची टाकून बसले. सगळ्या २०० पेटीत पडल्या तेव्हा ते उठले आणि आणखी दोन लाइनींसाठी कार्डं सांगितली. असं गिऱ्हाईक एखाद्यालाच मिळतं.

पहिली तक्रारही त्यांचीच. सोमवारी सकाळी लाइन चालू केली की विंडोजला कार्ड दिसत नाही, पीसी रीस्टार्ट केला की दिसतं. ज्यांनी एफपीजीएची कार्डं केली आहेत त्यांना दुखणं लगेच कळेल. ही चिप वीज गेली की सगळं विसरते, दर वेळी शेजारच्या फ्लॅश मेमरीतून बिटस्ट्रीम, म्हणजे तिने काय काम करायचं तो आराखडा, वाचून घेते. वीज स्थिर झाल्यापासून स्लॉटचा रीसेट सुटेपर्यंत नियमाने किमान १०० मिलिसेकंद मिळतात, आणि रीसेट सुटल्यावर २० मिलिसेकंदांत कार्डाने लिंक जुळवायला तयार असावं लागतं. आमची फ्लॅश एका तारेवर ३ मेगाहर्ट्झने वाचली जात होती, टूलमध्ये (बिटस्ट्रीम तयार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मुळात असते तीच सेटिंग. बिटस्ट्रीम सुमारे १ कोटी ७५ लाख बिटांचा, म्हणजे जवळजवळ ६ सेकंद. तोवर बायोसची (पीसी चालू होताना आधी धावणाऱ्या प्रोग्रामची) हजेरी घेऊन झालेली असायची. रीस्टार्टमध्ये वीज जात नाही, चिप भरलेलीच असते, म्हणून दुसऱ्यांदा दिसायची. चार तारा आणि ५० मेगाहर्ट्झ केल्यावर तेच काम ९० मिलिसेकंदांच्या आत आलं. ऑसिलोस्कोपचा एक प्रोब 'डन' पिनवर (चिप भरून झाली की कळवते ती) आणि दुसरा रीसेटवर ठेवून हे बघावं, नुसत्या गणितावर विसंबू नये. आमचा स्कोप जुना, दोनच चॅनेलचा, पण तो मी कधीच विकणार नाही.

पावसाळ्याचं एक सांगतो. गोव्यात जून ते सप्टेंबर स्लॉटच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो, आणि लोक खोडरबर घेऊन बसतात. घासू नका. सोन्याचा थर फार पातळ असतो, दोनदा घासलात की खालचं निकेल दिसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं, एवढंच. बोर्ड बनवून घेताना पट्ट्यांवर हार्ड गोल्ड मागा, तिथे पैसे वाचवू नका.

आता २०१७. जुलै महिना, जीएसटी नुकता लागू झालेला, बिलांच्या फॉर्मवरच सगळ्यांचा वेळ जात होता. बाबांच्या कारखान्यात खरेदी मुख्य कार्यालयातून होऊ लागली होती. बाहेरच्या राज्यातल्या एका कंपनीला बॉक्सवरचा छापील मजकूर तपासायचं काम मिळालं. त्यांचंही एफपीजीए कार्ड, आणि ते आमच्याच पीसीत, आमच्याच कार्डाशेजारच्या स्लॉटमध्ये बसवलं. त्यांच्या इंजिनिअरने संध्याकाळी स्वतःचा ड्रायव्हर टाकला आणि तो गेला. रात्रपाळी सुरू झाली. आमच्या कार्डाचा व्हॉल्व उघडला तो बंदच होईना. बाबांचा फोन येईपर्यंत तीन तासांचा चांगला माल रिजेक्टच्या पेट्यांत जाऊन पडला होता. त्यांच्या कारखान्यात रिजेक्टमध्ये गेलेला माल परत घेत नसत, तो नष्ट करत.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत त्या कंपनीचा माणूस माझ्यासमोर म्हणाला की गोव्यातलं हे घरगुती कार्ड आहे, चिपही बहुतेक डुप्लिकेट असेल. आमची चिप अधिकृत वितरकाकडून आलेली, बिलं माझ्या पिशवीत होती. ती काढून दाखवायची संधी कोणी दिली नाही. तीनही लाइनींवरची आमची कार्डं थांबवायचा निर्णय झाला, थकलेलं पेमेंट अडकलं, तयार १४ कार्डं गाळ्यात पडून राहिली. दोन महिने गाळ्याचं भाडं आणि पगार बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून भरले. मावसभाऊ म्हणाला, मी बेंगळुरूला नोकरी बघतो, तुला ओझं नको. मी त्याला चवथीपर्यंत थांब म्हटलं. ते शब्द त्या माणसाने मागे घेतले नाहीत, आजपर्यंत नाहीत.

बाबांनी एकच केलं. रविवारी लाइन बंद असताना, स्वतःच्या सहीवर, आम्हा दोघांना त्या पीसीपाशी बसू दिलं. मावसभावाने पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि एलएसपीसीआय मारलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. बस क्रमांक सोडला तर दोन्ही अक्षरशः एकच: १०ईई, ७०२४. सबसिस्टिम बघितली: १०ईई, ०००७. दोन्हीकडे तीच. मला वाटलं एकच कार्ड दोनदा दिसतंय. एक काढून बघितलं, मग दुसरं काढून बघितलं. खरोखर दोन कार्डं होती, दोन वेगळ्या कंपन्यांची, आणि दोघंही स्वतःला एकाच नावाने सांगत होती.

या कार्डांची ओळख चिपवर कोरलेली नसते, ती बिटस्ट्रीममध्ये असते. स्लॉटमधल्या प्रत्येक कार्डापाशी ६४ बाइटांचा मथळा असतो. पहिल्या दोन बाइटांत बनवणाऱ्याचा क्रमांक, पुढच्या दोनांत कार्डाचा, आणि खाली ४४ व्या बाइटपासून सबसिस्टिमचे, म्हणजे बोर्डाच्या ओळखीचे, दोन. आमच्याकडे गावात नवा माणूस दिसला की म्हातारी माणसं विचारतात, 'तूं कोणालो? खंयचो?' मशीनही चालू होताच प्रत्येक कार्डाला तेच विचारतं आणि उत्तरावरून ड्रायव्हर शोधतं. १०ईई हा झायलिंक्सचा, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचा, क्रमांक. ७०२४ हा दुसऱ्या पिढीच्या चार लेनच्या कोअरसाठी (चिपमधल्या स्लॉटशी बोलणाऱ्या भागासाठी) टूल स्वतःहून भरतं तो, आणि ०००७ सुद्धा तसाच. ते चारही रकाने विझार्डच्या एका पानावर असतात. आम्ही त्या पानावर 'नेक्स्ट' दाबून पुढे गेलो होतो. त्यांनीही तेच केलं होतं.

विंडोज नियमाप्रमाणेच वागलं. दोन ड्रायव्हर सारखेच जुळले तर ज्याच्यावरची तारीख नवी तो निवडला जातो. त्यांची तारीख नवी होती, आणि त्यांचा इन्स्टॉलर त्या क्रमांकाची जेवढी कार्डं सापडतील तेवढ्यांवर ड्रायव्हर चढवत होता. तो आमच्या कार्डावर बसला आणि स्वतःचं डीएमए (कार्डाने थेट पीसीच्या मेमरीत माहिती पाठवणं) सुरू करायला कार्डातल्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या जागेत, १ लिहिला. त्याच पत्त्यावर आमच्याकडे व्हॉल्वचं रजिस्टर होतं. आमचं चुकलं ते मी मान्य केलं आहे. पण चूक दोघांची होती आणि शिक्षा एकालाच झाली.

त्या रात्री तिथेच नवा बिटस्ट्रीम केला, सबसिस्टिमचा क्रमांक बदलून. त्या क्रमांकावर आमचा हक्क नव्हता हे आम्हाला माहीत होतं, लाइन उभी करण्यापुरतं ते केलं. ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये (कुठल्या कार्डावर बसायचं ते सांगणारी) नुसत्या ७०२४ ऐवजी सबसिस्टिमसकट पूर्ण ओळख लिहिली. पूर्ण ओळखीने जुळलेला ड्रायव्हर अर्धवट जुळलेल्याच्या वर लागतो. जुनं ड्रायव्हर पॅकेज विंडोजच्या पीएनपीयुटिल आज्ञेने मुळासकट काढलं, नाहीतर ते दबा धरून बसतं आणि पुढच्या वेळी वर येतं. पहाटे चारला दोन्ही कार्डं शेजारी शेजारी चालली. बाबांनी पुन्हा स्ट्रिपांतून गोळ्या काढल्या, पुन्हा खुर्ची टाकली. सोमवारी त्यांनी मुख्य कार्यालयाला दोन ओळींचं पत्र पाठवलं, आणि थकलेलं पेमेंट गणेश चतुर्थीच्या आधी सुटलं. मावसभाऊ बेंगळुरूला गेला नाही.

मग पीसीआय-सिग या, स्लॉटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घेतलं. वर्गणी डॉलरमध्ये, आमच्यासारख्याला जड, पण बनवणाऱ्याचा क्रमांक फक्त तिथेच मिळतो. दुसऱ्याचा वापरू नका, आणि मोकळा दिसतो म्हणून कुठलाही आकडा घालू नका. आज आमची पद्धत अशी: बनवणाऱ्याचा क्रमांक आमचा, डिव्हाइस क्रमांक बिटस्ट्रीम काय काम करतो त्यावर, सबसिस्टिम क्रमांक बोर्ड कुठला त्यावर. बोर्ड तोच राहतो, काम बदलतं. आज कॅमेरा वाचणारं कार्ड उद्या नवा बिटस्ट्रीम घातला की वजनकाटा वाचेल, तेव्हा त्याने नावही बदललंच पाहिजे. फ्लॅशमध्ये अडचणीसाठी जो राखीव बिटस्ट्रीम ठेवता त्यालाही वेगळा क्रमांक द्या, म्हणजे त्याच्यावर फक्त दुरुस्तीचा ड्रायव्हर बसेल. चालू मशीनमध्ये जेटॅगने (बाहेरून जोडलेल्या केबलने) चिप भरलीत तर लिनक्सवर आधी ते कार्ड रिमूव्ह करा आणि मग रीस्कॅन करा. तसं न करता भरलेली कार्डं मशीन लटकवतात, हे मी पुन्हा पुन्हा बघितलं आहे.

आणि एवढ्यावरही थांबू नका. आमचा ड्रायव्हर कार्डावर बसला की सगळ्यात आधी पहिल्या बारचा (पीसीला दिसणाऱ्या कार्डाच्या पत्त्यांच्या पट्ट्याचा) पहिला शब्द वाचतो. तिथे आम्ही आमच्या गावाच्या नावाची चार अक्षरं ठेवली आहेत. ती नसतील तर ड्रायव्हर काहीही न लिहिता हात काढून घेतो. सगळे एफ (म्हणजे सगळे बिट १) आले तर कार्ड लिंकवरच नाही असं समजतो. अक्षरं जुळली की मग पुढच्या शब्दातून बिटस्ट्रीमची आवृत्ती वाचायची. लिहायचं त्याच्यानंतर. हे दहा ओळींचं काम आहे, आणि ते त्यांच्या ड्रायव्हरमध्ये असतं तर त्या रात्री आमचा व्हॉल्व उघडला नसता.

पुढची वर्षं कामाची गेली. बाब निवृत्त झाले. चवथीला आमच्याकडे येतात, आधी गणपतीवर टांगलेली फळा-फुलांची माटोळी बघतात, मग गाळ्यात जाऊन कसोटीच्या मशीनपाशी उभे राहतात.

गेल्या पावसाळ्यात मडगावच्या एका छापखान्यातून एक कार्ड दुरुस्तीला आलं. कंपनीची सर्व्हिस आता गोव्यात मिळत नाही, म्हणून कोणीतरी आमचं नाव सुचवलं होतं. खोक्यावरचं लेबल मी ओळखलं. मुलाला म्हटलं, दुसऱ्या स्लॉटमध्ये लाव आणि नाव वाच. त्याने वाचलं: १०ईई, ७०२४. सबसिस्टिम १०ईई, ०००७. वीजपुरवठ्याचा एक रेग्युलेटर गेला होता. तो बदलला, पट्ट्या अल्कोहोलने पुसल्या, दोन दिवस मशीनमध्ये चालवून बघितलं. खोक्यात सिलिका जेलची पुडी टाकली आणि पाठवून दिलं.